क्युबेक शहरात खायचं काय, प्यायचं काय? प्रवासाला निघालेल्या मुस्लिम कुटुंबांसाठी माहिती

मुलगा टोरंटोत नोकरीला, भाची मॉन्ट्रियलला शिकायला, अशी घरं आता आपल्या ओळखीत दोन-चार तरी सापडतात. त्यांना भेटायला गेलेले पालक पाच-सात दिवस फिरायला काढतात आणि नायगारा पाहून झाला की नाव निघतं ते क्युबेक शहराचं. मॉन्ट्रियलपासून अडीचशे किलोमीटर, मोटारीनं तीन तास. सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरचं हे शहर सॅम्युएल द शाँप्लँ या फ्रेंच माणसानं १६०८ मध्ये वसवलं. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकमेव शहर. १९८५ पासून त्याचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथं भाषा फ्रेंच, पाट्या फ्रेंच आणि जेवणाची यादीही फ्रेंच.

इथंच आपल्या माणसांची अडचण सुरू होते. परत आलेले बरेच जण सांगतात, "शहर फार सुंदर, पण खाण्याचे हाल झाले. चार दिवस ब्रेड आणि केळ्यांवर काढले." आम्ही सुट्टीत नातेवाइकांसोबत तिथं चार दिवस होतो. आमचं मत स्पष्ट आहे: क्युबेकमध्ये हलाल खाण्याचा दुष्काळ नाही. शहराच्या कोणत्या भागात काय मिळतं आणि यादीतले कोणते शब्द ओळखायचे, एवढं माहीत असलं की पोटभर आणि निश्चिंत जेवता येतं. तेच इथं क्रमानं समजून घेऊ.

शहराचे तीन भाग लक्षात ठेवा

पहिला भाग तटबंदीच्या आतला, उंचावरचा. शातो फ्राँतनाक हे १८९३ मध्ये सुरू झालेलं किल्ल्यासारखं हॉटेल इथंच आहे. दुसरा भाग त्याखालचा, नदीलगतचा. प्लास रोयाल चौक आणि पती-शाँप्लँची अरुंद दगडी गल्ली या भागात येते. पर्यटक दिवसभर याच दोन भागांत असतात. इथली रेस्टॉरंटं देखणी आणि महाग, पण हलाल मांस देणारी फारच थोडी.

तिसरा भाग सँत-फ्वा. जुन्या शहराच्या पश्चिमेला, लाव्हाल विद्यापीठाच्या आजूबाजूला पसरलेला. इथं विद्यार्थी राहतात, नव्यानं स्थायिक झालेली कुटुंबं राहतात. मोठी मस्जिद इथं आहे आणि हलाल मांसाची दुकानंही. जुन्या शहरातून ८०० आणि ८०१ क्रमांकाच्या बस विद्यापीठापर्यंत जातात. पर्यटकांच्या पुस्तकात सँत-फ्वाला दोन ओळीही मिळत नाहीत. आपल्यासाठी मात्र तो भाग शातो फ्राँतनाकइतकाच महत्त्वाचा.

म्हणून दिवस असा आखावा: नाश्ता, गोड आणि हलकं खाणं जुन्या शहरात, मांसाहारी जेवण सँत-फ्वात.

आधी जेवणांची नावं

फ्रान्सला जाऊन आलेल्यांची इथं गफलत होते. फ्रान्समध्ये 'देझ्यने' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'दिने' म्हणजे रात्रीचं. क्युबेकमध्ये 'देझ्यने' हा सकाळचा नाश्ता, 'दिने' दुपारचं जेवण आणि 'सुपे' रात्रीचं. टेबल राखून ठेवताना हे ध्यानात असू द्या. यादीत 'आँत्रे' लिहिलेलं असतं ते सुरुवातीचं छोटं खाणं. 'ताब्ल दोत' म्हणजे सूप, मुख्य पदार्थ, गोड असं ठरावीक दरातलं पूर्ण जेवण. 'कास-क्रूत' म्हणजे आपल्याकडच्या वडापावच्या गाडीची बहीण: बर्गर, सँडविच, तळलेले बटाटे.

पारंपरिक जेवणात डुक्कर कुठं कुठं आहे

क्युबेकचं जुनं जेवण हे कडाक्याच्या हिवाळ्यात राबणाऱ्या शेतकऱ्यांचं आणि लाकूडतोड्यांचं. शरीर तापवायला चरबी हवी आणि ती मिळायची घरच्या डुकरापासून. त्यामुळे बहुतेक पारंपरिक पदार्थांत ते येतंच.

'तुर्तिएर' म्हणजे मैद्याच्या पारीत भरून भाजलेला खिमा. त्यात बहुधा डुकराचं मांस. 'क्रेतों' नाश्त्याला ब्रेडवर लावायला येतं, तेही डुकराचंच. 'फेव्ह ओ लार' हे घेवड्याच्या दाण्यांचं कालवण दिसायला राजम्यासारखं, पण 'लार' म्हणजे डुकराची चरबी. वाटाण्याच्या पिवळ्या सूपमध्ये हॅमचं हाड शिजवलेलं असतं. 'पाते शिन्वा' मध्ये डुक्कर नसतं, गोमांसाचा खिमा, मका आणि कुस्करलेला बटाटा असतो. पण ते गोमांस हलाल आहे का, हा प्रश्न उरतोच.

शिक्षकी सवयीनं काही शब्दांची अक्षरं इथं सांगतो, कारण यादीवर ती डोळ्यांनीच ओळखायची आहेत. 'पोर' म्हणजे डुक्कर: पी, ओ, आर, सी. इंग्रजी पोर्कच, फक्त शेवटी के ऐवजी सी. 'लार': एल, ए, आर, डी. 'जाँबों' म्हणजे हॅम: जे, ए, एम, बी, ओ, एन. आणि सगळ्यात फसवा शब्द 'सँदू': एस, ए, आय, एन, डी, ओ, यू, एक्स. ही डुकराची वितळवलेली चरबी. ती गोड पदार्थाच्या पारीतही असू शकते. 'तार्त ओ स्युक्र' म्हणजे साखरेची तार्त पूर्ण शाकाहारी वाटते, पण पारी लोण्यात मळली की सँदूमध्ये, हे विचारायला हवं.

किराणा दुकानात मात्र हा त्रास नाही. कॅनडात बंद पाकिटावर घटकांची यादी इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत छापावी लागते. पाकीट फिरवा, इंग्रजी बाजू वाचा. जिलेटीन आणि चीजमधलं रेनेट या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. रेनेट प्राण्याचं असेल तर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपण ज्यांना मानता त्यांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. तिथं दुकानात उभं राहून घरात वाद नको.

पुतीन: सगळे खातात, आपण खावं का?

क्युबेकचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पुतीन. तळलेल्या बटाट्याच्या कापांवर ताज्या चीजचे तुकडे आणि वरून गरम तपकिरी रस्सा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्युबेक प्रांतातल्या ग्रामीण भागात तो सुरू झाला. पहिला कोणी केला यावर तिथल्या गावांमध्ये अजून भांडण आहे, जसं आपल्याकडे मिसळीवरून असतं.

फोटोत मांस दिसत नाही, म्हणून आपले लोक बिनधास्त मागवतात. पण वरचा रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा गाईच्या यखनीचा असतो. यखनी हलाल नाही तर पुतीनही नाही. काही ठिकाणी 'सोस व्हेजेतारिएन', म्हणजे भाजीचा रस्सा, मिळतो. तो आहे का ते विचारा. बटाटे कशात तळले आणि त्याच तेलात दुसरं काय तळलं, हेही विचारा. सँत-फ्वात हलाल रश्श्याचं पुतीन मिळालं तर जरूर खा. थंडीत गरमागरम पुतीनवर मुलं तुटून पडतात.

यखनीचा हाच प्रश्न कांद्याच्या सूपचा. जुन्या शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये यादीत फक्त 'कांदा, चीज, ब्रेड' लिहिलं होतं. आम्ही विचारल्यावर वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, "यखनी हाडांची आहे आणि त्यात वाइनही आहे." त्यानं ना तोंड वाकडं केलं, ना हसला. उलट शेफला विचारून भाजीचं दुसरं सूप सुचवलं. विचारायला लाजू नका. ॲलर्जी असलेले लोक तिथं रोज असेच प्रश्न विचारतात.

मासे: कोकणातल्यांना पर्वणी, पण वाइन बघा

सेंट लॉरेन्सच्या मुखाकडून आणि आखातातून क्युबेकमध्ये चांगले मासे येतात. हॅलिबट हा जाड, पांढरा, कमी काट्यांचा मासा. यादीत त्याला 'फ्लेताँ' म्हणतात. मातानची छोटी गोड कोळंबी मिळते आणि वसंतात हिम-खेकडा येतो. रत्नागिरी-रायगडकडच्या शाफई घरांना खेकड्याची अडचण नाही. हनफी घरांत खेकडा चालत नाही आणि कोळंबीवरही काही जण थांबतात. एकाच प्रवासात दोन्हीकडची मंडळी असतील तर फ्लेताँ सगळ्यांना चालेल.

मात्र माशाला लागून येणारा रस तपासा. 'व्हँ' म्हणजे वाइन: व्ही, आय, एन. 'व्हँ ब्लाँ' पांढरी वाइन, 'व्हँ रूज' तांबडी. शिंपल्यांचा मारिनिएर प्रकार वाइनमध्येच शिजतो. 'बर ब्लाँ' या लोण्याच्या रसातही ती असते. कोळंबीच्या बिस्क सूपमध्ये अनेकदा कोन्याक घालतात. तळलेल्या माशाचं पीठ कधी बिअरमध्ये कालवलेलं असतं. सगळ्यात सोपं म्हणजे भाजलेला मासा, लोणी आणि लिंबू एवढंच मागणं.

तीन वाक्यं कागदावर लिहून खिशात ठेवा. "एस क से हलाल?" म्हणजे हे हलाल आहे का. "साँ पोर, साँझाल्कोल, सिल व्हू प्ले" म्हणजे डुकराशिवाय, दारूशिवाय द्या, कृपया. "इल या द्यू व्हँ दाँ ला सोस?" म्हणजे रश्श्यात वाइन आहे का. आत शिरताच आधी "बोंझूर" म्हणा, मग हवं तर इंग्रजीत बोला. जुन्या शहरात बहुतेकांना इंग्रजी येतं, पण सलामाआधी सवाल केलेला तिथंही आवडत नाही.

पेयं: नावावर जाऊ नका

नळाचं पाणी स्वच्छ असतं. "युन काराफ दो" म्हटलं की पाण्याचा जग येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

'सिद्र' सफरचंदाचा रस वाटतो, पण क्युबेकमध्ये सिद्र म्हणजे आंबवलेलं, दारू असलेलं पेय. मुलांसाठी 'झ्यू द पॉम' मागा. 'बिएर देपिनेत' हे स्प्रूस झाडाच्या चवीचं पेय. नावात बिअर असली तरी ते पुष्कळदा साधा सोडा असतो, मात्र दारू असलेलंही मिळतं. बाटली वाचूनच घ्या. जानेवारी-फेब्रुवारीतल्या हिवाळी कार्निव्हलला गेलात तर 'कारिबू' नावाचं पेय दिसेल. कारिबू म्हणजे तिथलं हरीण, त्यामुळे मुलांना गंमत वाटते. पण ते पेय तांबडी वाइन, कडक दारू आणि मेपल सिरप यांचं मिश्रण आहे. थंडीवर उतारा म्हणून 'शोकोला शो', म्हणजे गरम चॉकलेट, पुरेसं आहे.

काही रेस्टॉरंटांवर 'आपोर्ते व्होत्र व्हँ' अशी पाटी असते. तिथं गिऱ्हाईक आपली वाइन घरून आणतात. शेजारच्या टेबलावर बाटल्या असतील, याची मनाची तयारी ठेवा. लहान मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर सकाळी उघडणारे कॅफे आणि बेकऱ्या जास्त बऱ्या.

मेपल: क्युबेकची खरी गोडी

जगातल्या मेपल सिरपपैकी साधारण ७० टक्के एकट्या क्युबेक प्रांतात तयार होतं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, तेव्हा झाडातून पाण्यासारखा रस पाझरतो. जवळपास ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप मिळतं. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडचं गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना तो वास, ती वाफ आणि उकळत्या रसाभोवतीची पोरांची गर्दी ओळखीची वाटेल. घट्ट गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीवर गुंडाळून खातात. त्याला 'तीर' म्हणतात. हा सगळ्या घरानं खायचा पदार्थ.

दोन सूचना. रस आटवण्याच्या या जागांना 'काबान आ स्युक्र' म्हणतात. तिथल्या ठरावीक जेवणात हॅम, तळलेली डुकराची साल, लार घातलेले दाणे असं सगळं असतं. जेवणाचे पैसे भरण्याआधी नुसतं तीर आणि फेरफटका मिळतो का, ते विचारा. दुसरं म्हणजे, उकळताना येणारा फेस बसवायला पूर्वी डुकराच्या चरबीचा तुकडा वापरत. आता वनस्पती तेलही वापरतात. मळेवाल्याला विचारलं की तो सांगतो.

सँत-फ्वा: इथं जेवा, इथं थांबा

क्युबेक शहरातले मुसलमान मुख्यतः मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेले. त्यामुळे इथलं हलाल म्हणजे बिर्याणी-निहारी नव्हे. कुसकुस, ताजीन, मेर्गेझ सॉसेज, हरीरा सूप, आणि लेबनीज पद्धतीचं कोंबडीचं 'शिश ताऊक'. तिखट कमी, जिरं-दालचिनी जास्त. आपल्या उर्दूचा इथं उपयोग नाही, पण अस्सलामु अलैकुम म्हटलं की दुकानदाराचा चेहरा बदलतो, हे आम्ही पाहिलं. भारतीय नावाचं रेस्टॉरंट दिसलं तरी ते हलाल असेलच असं धरू नका. विचारा, नाहीतर डाळ-भाजी घ्या.

पाकिटबंद मालासाठी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४ एप्रिल २०१६ पासून कॅनडात पाकिटावर 'हलाल' लिहायचं तर ते कोणी प्रमाणित केलं त्या संस्थेचं किंवा व्यक्तीचं नावही छापावं लागतं. नुसता हिरवा शिक्का पुरत नाही. रेस्टॉरंटमध्ये मात्र मांस कुठून येतं ते तोंडानं विचारावं लागतं. यंत्रावरचं जबीहा चालत नसेल तर "आबात्यू आ ला में?" म्हणजे हातानं कापलेलं आहे का, असं विचारा.

सँत-फ्वाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही माहिती पुरी होणार नाही. इथं अझ्झेदिन सुफियान नावाचे गृहस्थ हलाल मांसाचं आणि किराण्याचं दुकान चालवत. मूळचे मोरोक्कोचे. शहरात नव्यानं आलेल्या मुसलमानाला घर कुठं मिळेल, मस्जिद कुठं आहे, हे त्यांच्या दुकानात कळायचं. २०१६ च्या रमजानमध्ये तिथल्या मोठ्या मस्जिदीच्या दारात कोणीतरी डुकराचं मुंडकं ठेवलं, सोबत 'पोटभर जेवा' अशी चिठ्ठी. सात महिन्यांनी, २९ जानेवारी २०१७ च्या रात्री, इशाच्या नमाजनंतर त्याच मस्जिदीत एका बंदूकधाऱ्यानं गोळीबार केला. सहा नमाजी शहीद झाले. ५७ वर्षांचे सुफियान त्याला अडवायला पुढे धावले आणि त्यातच गेले. सतरा मुलं पोरकी झाली.

दुसऱ्या दिवशी हाडं गोठवणाऱ्या थंडीत शहरातले हजारो लोक मेणबत्त्या घेऊन सँत-फ्वात जमले. त्यातले बहुसंख्य मुसलमान नव्हते. २०२१ पासून कॅनडात २९ जानेवारी हा दिवस या घटनेच्या स्मरणार्थ पाळला जातो. मस्जिदीची सुरक्षा वाढवण्यात आली, पण दारं बंद झाली नाहीत. जुमा असो की साधी जोहर, तिथं नमाज पढा आणि त्यानंतर आसपासच्या दुकानातच जेवा. जिथं अन्नाच्या नावानं समाजाची चेष्टा झाली, तिथं त्या समाजाच्या दस्तरखानावर बसून चार पैसे त्यांच्या गल्ल्यात टाकणं ही साधी पण मोलाची गोष्ट आहे.

हिजाबबद्दलही विचारणा होते. २०१९ च्या कायद्यानं क्युबेकमध्ये सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस अशा काही सरकारी नोकरांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला मनाई आहे. शिक्षक म्हणून आम्हाला ती बोचते. पर्यटक महिलांना मात्र रेस्टॉरंटमध्ये किंवा रस्त्यावर हिजाब घालायला कसलीही बंदी नाही.

बिल, टिप आणि वेळ

यादीतला दर हा अंतिम दर नव्हे. त्यावर दोन कर मिळून जवळजवळ १५ टक्के लागतात. बसून जेवलात तर १५ टक्क्यांच्या आसपास टिप देण्याची रीत आहे. मे २०२५ पासून तिथल्या कायद्यानुसार कार्डाच्या यंत्रानं सुचवलेली टिप कर लावण्याआधीच्या रकमेवरच मोजावी लागते. थोडक्यात, २० डॉलरचा पदार्थ हातात येईपर्यंत २६ चा होतो. कुटुंब मोठं असेल तर हा हिशेब आधीच करा.

सूर्याचा हिशेबही करा. जून अखेरीस मगरिब पावणेनऊच्या सुमारास होते आणि तोवर काही स्वयंपाकघरं आवरायला लागतात. डिसेंबरात सूर्य चारच्या आसपास मावळतो. उन्हाळ्यात सोपा उपाय म्हणजे सँत-फ्वातून कुसकुस, भाजलेली कोंबडी, खजूर बांधून घ्यायचं आणि प्लेन्स ऑफ अब्राहम या नदीकाठच्या मोठ्या उद्यानात चादर अंथरायची. १७५९ मध्ये याच मैदानावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं होतं. आज तिथं शाळेची पोरं पतंग उडवतात आणि मोकळ्या हिरवळीवर नमाजला जागाही भरपूर आहे.

निघण्यापूर्वी एवढं करा: राहण्याची जागा स्वयंपाकघर असलेली बघा, रेनेट आणि यंत्रावरच्या जबीहाबद्दल घरात एकमत करून घ्या, वरचे शब्द आणि तीन वाक्यं मुलांकडून पाठ करून घ्या. मुलं फ्रेंच शब्द आपल्यापेक्षा लवकर उचलतात, आणि यादीतला 'सँदू' शोधून काढायची त्यांना मजाही वाटते.